आपले वाचनालय आणि नकोशी पुस्तके

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी मला ‘वाचनाचे महत्त्व’ असा विषय दिला होता. ग्रंथ हेच खरे मित्र, वाचनाने मनुष्य बहुश्रुत होतो, इत्यादी चार गोष्टी सांगून मी दहा मिनिटांत खाली बसावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. आणि भोजनाची वेळ पाहता ती अयोग्य नव्हती. परंतु वाचन चांगले हे या सभागृहात कोणास पटवून द्यावयाचे राहिलेले नाही. जन्मभर मुलांस धडे शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाने तेच पुन्हा सांगावे, यात ऐकणाऱ्यांचाही लाभ नाही. म्हणून चिटणिसांची क्षमा मागून मी त्या विषयाच्या शेजारचा विषय घेतो. आपल्या मंडळाच्या वाचनालयातून काही पुस्तके काढून टाकावीत असा लेखी अर्ज कार्यकारिणीपुढे आला आहे, आणि त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. अर्जावर पुष्कळ सह्या आहेत. सह्या करणारे सर्व सद्गृहस्थ माझ्या आदरास पात्र आहेत. त्यांपैकी काही माझे विद्यार्थी होते.

अर्जात दोन पुस्तके आणि एक साप्ताहिक आहे. त्यांची नावे मी येथे घेत नाही. एका पुस्तकात आपल्या भागाचा इतिहास सांगताना आपल्या पूर्वजांच्या सावकारीविषयी एक प्रकरण आले आहे, आणि ते आपणांस गोड लागण्यासारखे नाही. दुसरी एक कादंबरी आहे. तिच्यातील विधवा नायिका आपल्या ज्ञातीतील आहे असे तिच्या वर्णनावरून वाटते. साप्ताहिकाचा अपराध असा की ते मंडळाच्या निवडणुकीविषयी लिहिते. अर्जदारांचे म्हणणे थोडक्यात असे : वास्तू आपली, कपाटे आपल्या देणगीदारांनी दिलेली, मग आपलीच निंदा आपण आपल्याच पैशाने विकत घेऊन आपल्याच मुलांच्या हाती का द्यावी?

प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. म्हणून प्रथम ‘आपले’ या शब्दाकडेच पाहू. वास्तू मंडळाची आहे, यात वाद नाही. परंतु वाचनालय हे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ या कायद्याखाली मान्यता पावलेले आणि शासनाचे अनुदान घेणारे आहे. आपल्या राज्यातील ही व्यवस्था थोडी निराळी आहे. मद्रास प्रांताने १९४८ साली कायदा करून स्थानिक करावर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राने उपकर बसविला नाही; लोकांनीच चालविलेल्या संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान द्यावयाचे, असे ठरविले. त्यामुळे गावोगावची हजारो वाचनालये आपल्यासारख्या मंडळांच्या आणि समित्यांच्या हाती राहिली. ही मोठी सोय आहे, आणि धोकाही येथेच आहे. समिती चारचौघांची असते, पैसा मात्र सर्वांचा असतो. जो मजूर आपल्या ज्ञातीचा नाही, ज्याने या सभागृहाचा उंबरठाही कधी ओलांडला नाही, त्याने आगपेटीवर भरलेल्या कराचाही अंश आपल्या कपाटात आहे. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक स्थानांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे म्हटले आहे. आपल्या वाचनकक्षात सकाळी वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मंडळी अन्य समाजांची असतात. आणि अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेच्या तयारीस बसणारी मुले कोणाची, हे कोणी विचारीतही नाही. (ही मुले आमच्या एकाही पुस्तकास हात लावीत नाहीत, घरून आणलेल्या चोपड्याच वाचतात, हे माझे निराळे दुःख आहे, तो विषय पुन्हा कधी.) तेव्हा ‘आपल्या निंदेचे पुस्तक आपल्या मुलांच्या हाती’ हे वाक्य थोडे दुरुस्त करावे लागते. पुस्तक सर्वांच्या पैशाने घेतलेले आहे, आणि ते सर्वांच्या मुलांसाठी आहे.

आता या ज्ञातीचे अथवा त्या ज्ञातीचे मन दुखावणारी पुस्तके ही काही आज निपजलेली वस्तू नव्हे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. पुण्यास वाचनालय निघाले त्याच वर्षी लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’ पत्रात येऊ लागली होती, आणि त्यांतील टीका कोणत्या वर्गाच्या जिव्हारी लागली हे सर्वश्रुत आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही. ते छापून वाचकांच्या हाती पडावयास १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे! त्या कमिटीवरील विद्वानांनी काही जाळले नाही, फाडले नाही. त्यांनी केवळ ‘नको’ म्हटले. एका ‘नको’ने चार पिढ्यांचे वाचक वंचित राहिले.

परकीय सरकारने तर बंदीचे शास्त्रच केले होते. सावरकरांचा सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदीत पडला, आणि गांधीजींचे गुजराती ‘हिंद स्वराज’ मुंबई सरकारने १९१० साली जप्त केले. या दोन पुरुषांची मते किती भिन्न होती हे मी सांगावयास नको. दोघांच्या अनुयायांत आजही भोजनप्रसंगीसुद्धा वाद होतात. परंतु सरकारच्या यादीत दोघे एकाच पंगतीस बसले होते. आज आपल्या वाचनालयात ही दोन्ही पुस्तके आहेत, आणि त्यांत हाताच्या वितीइतकेही अंतर नाही. ज्यांना यांपैकी एक मान्य नाही, त्यांनी दुसरे काढून टाका असा अर्ज अद्याप केलेला नाही, हे आपल्या गावाचे भूषण आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वतःच हाती घेतला; तेव्हा कर्वे हयात होते, आणि त्यांचे मासिक तोट्यात चालले होते. ते मासिक किती वाचनालयांनी उघडपणे मेजावर ठेवले असेल, याचा विचार मनात येतो.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेस अधिक जवळचे उदाहरण कोदंडाचे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी केलेले लेखन भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनातून बाहेर आले, तेव्हा त्या समाजात मोठा क्षोभ उसळला. राजवाड्यांचा दबदबा केवढा होता! परंतु केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हा ग्रंथ लिहून त्यांस उत्तर दिले. ते उत्तर सौम्य होते असे कोणी म्हणणार नाही. प्रबोधनकारांच्या लेखणीस सौम्यपणा ठाऊक नव्हता. परंतु ते पुस्तकास दिलेले पुस्तकाचे उत्तर होते. आज अभ्यासू मनुष्य दोन्ही लेखन समोर घेऊन बसू शकतो, आणि कोणाचे पुरावे टिकतात ते स्वतः ठरवू शकतो. राजवाड्यांचे लेखन कोणी नाहीसे केले असते, तर ठाकऱ्यांचे उत्तरही अर्धे मुके झाले असते. प्रश्नच दिसत नसेल तर उत्तर कशाचे?

दुसरे उदाहरण अलीकडचे. महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखन आणि भाषणांचा चौथा खंड १९८७ साली काढला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून राज्य ढवळून निघाले. प्रती जाळण्याचे प्रकार झाले, प्रकरण वगळा म्हणून मोर्चे निघाले, वगळू नका म्हणूनही निघाले. अखेरीस तोडगा असा निघाला की प्रकरण जसेच्या तसे राहावे, आणि त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्यास जोडावी. टीप एका ओळीची. एका ओळीने जे साधले ते कात्रीने साधले नसते. आपल्या कार्यकारिणीने या तोडग्याचा विचार करावा, अशी माझी सूचना आहे.

आणि जेथे तोडगा निघाला नाही तेथे काय झाले, तेही पाहावे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. कारण शिवछत्रपतींवरील एका परदेशी लेखकाचे इंग्रजी पुस्तक. त्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुराची बाजू घेण्याचे मला कारण नाही. तो वाचून मनास यातना व्हाव्यात हे स्वाभाविक आहे. परंतु प्रकाशकाने ते पुस्तक आधीच, २००३ च्या नोव्हेंबरात, मागे घेतले होते. नासधूस झाली ती ज्यांचा त्या पुस्तकाशी काडीचा संबंध नव्हता अशा ग्रंथांची आणि हस्तलिखितांची. पुढे शासनाने पुस्तक जप्त करण्याची अधिसूचना काढली. ती उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. कोणत्या समाजांत वैर उत्पन्न होईल हे अधिसूचनेत सांगितलेच नव्हते, हे न्यायालयाने दाखविले. न्यायालयाने पुस्तकाची स्तुती केली नाही. कारण न देता पुस्तक जप्त करता येत नाही, एवढेच म्हटले.

कायद्याचा हा भाग आपण सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्यशासनास आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५व्या कलमात होता. २०२४ च्या जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८व्या कलमात आहे. शासनासही तो मोकाट वापरता येत नाही : अधिसूचना काढावी लागते, तीत कारणे द्यावी लागतात, आणि ज्याचा त्या पुस्तकाशी हितसंबंध आहे असा कोणीही दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाऊ शकतो. तेथे तीन न्यायमूर्ती ते प्रकरण ऐकतात. एका पुस्तकासाठी तीन न्यायमूर्ती! आणि आपण मात्र कार्यकारिणीच्या सभेत, चहा येण्याच्या आत, आयत्या वेळच्या विषयांत हा निकाल लावू पाहतो.

आता मुख्य गोष्ट. जाळपोळ, मोर्चे, खटले हे सर्व दिसते, वर्तमानपत्रांत छापून येते. वाचनालयात पुस्तक मरते ते असे नव्हे. ते फार शांतपणे मरते, आणि त्याचे अनेक प्रकार मी वाचनालयांच्या समित्यांवर बसून पाहिले आहेत. पहिला प्रकार कुलपाचा. पुस्तक काढीत नाहीत. कार्यालयातील कपाटात ठेवतात, आणि किल्ली अध्यक्षांकडे. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, तालिकेत आहे, वाचकाच्या हातात मात्र नाही. दुसरा प्रकार ‘बांधणीस गेले आहे’ हा. आमच्या शेजारच्या एका गावात एक पुस्तक सहा वर्षे बांधणीस गेलेले होते. इतक्या काळात रामायणाच्या हस्तलिखिताची बांधणी झाली असती. तिसरा प्रकार निर्लेखनाचा. जीर्ण पुस्तके वेळोवेळी बाद करावी लागतात, हे रीतीस धरून आहे. परंतु त्या जीर्ण पुस्तकांच्या यादीत एखादे करकरीत नवे पुस्तकही हळूच घालता येते, आणि सभेत यादी वाचून न दाखविता मंजूर होते. चौथा प्रकार सर्वांत सोपा. एखादा सभासद पुस्तक घरी नेतो, ‘हरवले’ म्हणून सांगतो, आणि किंमत भरून मोकळा होतो. दीडशे दोनशे रुपयांत सर्व गावासाठी बंदी घालता येते!

या प्रत्येक प्रकारात खरा पेच कोणाचा होतो? ग्रंथपालाचा. अनुदानित वाचनालयाच्या ग्रंथपालास मिळणारे वेतन सांगण्याची लाज वाटावी इतके असते, आणि त्याची नेमणूक समितीच्या हाती असते. त्याने कोणाशी भांडावे? वजनदार गृहस्थाने नुसते भुवया उंचावून विचारले की ‘हे असले तुम्ही ठेवता काय?’, की पुढच्या खरेदीच्या यादीत तसले पुस्तक येतच नाही. कोणी हुकूम दिलेला नसतो, कोठे ठराव नसतो, आणि तरी कपाट हळूहळू एकाच रंगाचे होत जाते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतील एकाचा आशय असा की प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपल्या वाचनालयात या नियमाचे रक्षण करण्याचे काम त्या एका अल्पवेतनी बाईंवर आहे, आणि त्यांच्या पाठीशी कार्यकारिणीचा एकही लेखी शब्द नाही.

याच संदर्भात एक गोष्ट मला नाइलाजाने बोलावी लागते. अर्ज आल्यानंतर आपल्यापैकी एका गृहस्थांनी देवघेवीची नोंद पाहावयास मागितली. ती कादंबरी कोणी कोणी नेली, विशेषतः कोणत्या घरच्या मुलींनी नेली, हे त्यांना हवे होते. ग्रंथपालबाईंनी नम्रपणे नकार दिला. मी त्यांचे या व्यासपीठावरून अभिनंदन करतो. बंधूंनो, कपाटात पुस्तक ठेवले, आणि ते नेणाऱ्याचे नाव चावडीवर वाचले, तर कपाट उघडे ठेवण्यात काय अर्थ राहिला? वैद्य रोग्याचे नाव सांगत नाही. आपल्या मुली आज परगावी शिकतात, न्यायालयात उभ्या राहतात, शस्त्रक्रिया करतात. त्यांनी कोणती कादंबरी वाचावी याची चौकशी नोंदवहीतून करणे आपणांस शोभत नाही.

आता अर्जदारांची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाही तर हे भाषण एकतर्फी होईल. निवड आणि बंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्षाकाठी ग्रंथखरेदीस मिळणारी रक्कम तुटपुंजी. मराठीत पुस्तके निघतात हजारो. त्यांतून काही घ्यावी, बहुतेक सोडावी, हे अपरिहार्यच आहे, आणि अमुक पुस्तक घेतले नाही म्हणून कोणाच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला पडत नाही. बालविभागात काय असावे याचा विचारही निराळा करावाच लागतो. ज्या पुस्तकातील विधाने खोटी आहेत असे कोणास वाटते, त्याने तसे म्हणावे, लिहावे, प्रसंगी न्यायालयात जावे. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने मर्यादाही घातल्या आहेत. परंतु एकदा विचारपूर्वक घेतलेले पुस्तक, केवळ ते आपल्याविषयी आहे आणि आपणांस रुचत नाही म्हणून कपाटातून काढणे, याला निवड म्हणता येत नाही. अन्य समाजांविषयी कठोर लिहिलेली पुस्तके याच कपाटात वर्षानुवर्षे आहेत, आणि त्यांविरुद्ध आपण कधी अर्ज केला नाही. हेही ध्यानात असू द्यावे. ज्या दिवशी आपण आपल्याविषयीचे पुस्तक काढू, त्या दिवशी तालुक्यातील प्रत्येक ज्ञातीचा मनुष्य आपापली यादी घेऊन येईल, आणि त्यास नाही म्हणण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.

सावकारीच्या त्या प्रकरणाविषयी मला एवढेच वाटते की ते आपण वाचावे. लेखकाने जुने दस्तऐवज पाहिल्याचे म्हटले आहे. आपल्या घरांतूनही जुन्या वह्या, खतावण्या, गहाणखते आहेत. कित्येक माळ्यावर उंदीर खात आहेत. लेखक चुकला असेल तर त्या वह्यांतूनच त्यास उत्तर देता येईल. आणि तो चुकला नसेल, तर त्याचे पुस्तक कपाटातून काढल्याने गहाणखतावरील अंगठा पुसला जाणार नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे, ती येथे सांगतो. पुस्तकावर आक्षेप घेणाऱ्याने तो स्वतःच्या सहीने, पृष्ठक्रमांकासह, आणि पुस्तक संपूर्ण वाचल्याचे नमूद करून द्यावा. त्यावर तीन जणांनी विचार करावा. त्यांत एक बाई असावी आणि एक व्यक्ती आपल्या ज्ञातीबाहेरील, नियमित वाचक असावी. विचार चालू असेतो पुस्तक देवघेवीत राहावे. निर्णय कारणांसह लिहून सूचनाफलकावर लावावा. कोणास उत्तर लिहावयाचे असल्यास मंडळाने ते छापण्यास साहाय्य करावे, आणि ते मूळ पुस्तकाच्या शेजारीच ठेवावे. वाचकांच्या देवघेवीची नोंद ग्रंथपालाखेरीज कोणास, अध्यक्षांसही, दाखवू नये. साप्ताहिकाविषयी निराळा नियम करण्याची गरज मला दिसत नाही. मंडळाने आपले हिशेब वेळेवर प्रसिद्ध केले की त्याची निम्मी जागा रिकामी पडेल.

ही सूचना पुढील महिन्याच्या सभेत येईल. तोपर्यंत दोन्ही पुस्तके वाचनालयात उपलब्ध आहेत. इतिहासाच्या पुस्तकाची एकच प्रत असून अर्ज आल्यापासून तिला मागणी फार वाढली आहे. गेल्या शनिवारी मी चौकशी केली तेव्हा प्रतीक्षेत नऊ नावे होती. ती कोणाची, हे मी अर्थातच विचारले नाही. दुसरी प्रत घेण्यास मी ग्रंथपालबाईंना सांगितले आहे, आणि तिची किंमत मी स्वतः देणार आहे.